कचेरी बंद असण्याचा वार

एका पैची गोष्ट मराठवाड्यातल्या घराघरांत केव्हा ना केव्हा सांगितली जाते. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी किल्लेदार आणि पैठणहून गुरूच्या शोधात आलेला पोरसवदा एकनाथ त्यांच्या कचेरीत हिशेब लिहायला. एकदा जमाखर्चाचा मेळ एका पैने बसेना. एकनाथांनी वह्या पुढ्यात ओढल्या, दिवा लावला आणि रात्र सरत आली तरी ते त्या पैच्या मागावर बसून राहिले. अखेर चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे होऊन मागे उभे होते. एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद होतो, तर प्रपंचातली एवढी मोठी चूक सापडली तर केवढा होईल, अशा अर्थाचं काही ते म्हणाले, अशी कथा आहे.

शाळेत ही गोष्ट एकाग्रतेची म्हणून सांगतात. मलाही तशीच सांगितली होती आणि परीक्षेच्या दिवसांत ती उपयोगीही पडली. पुढे नोकरीत मुरल्यावर मात्र ती मला वेगळ्या जागी टोचायला लागली. रात्रभर हिशेब जुळवत बसलेल्या पोराला त्याचा साहेब काय म्हणाला, इकडे माझं लक्ष जाऊ लागलं. स्वामींनी शाबासकी दिली नाही. एवढा चिकट कारकून मिळाला म्हणून आणखी चार वह्या त्याच्या अंगावर टाकल्या नाहीत. चरित्रांत पुढे येतं ते हे की त्यांनी त्याला कचेरीतून सोडवून खुलताबादजवळच्या शूलिभंजनाच्या डोंगरावर अनुष्ठानाला पाठवलं.

चरित्रकार आणखी एक तपशील देतात. जनार्दनस्वामी दत्तभक्त, गुरुवार त्यांचा उपासनेचा. त्या दिवशी किल्ल्यावरची कचेरी बंद असे आणि ही सुट्टी सुलतानाच्या हुकमाने मिळालेली होती. इतिहासाच्या कसोटीला हे किती उतरेल हा वेगळा प्रश्न. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की ही कथा सांगत आलेल्या पिढ्यांना किल्लेदाराच्या थोरवीत हेही धरावंसं वाटलं. त्याच्या भक्तीमुळे त्याला एकट्याला नव्हे, सबंध कचेरीला आठवड्याचा एक वार मोकळा मिळाला.

वाळूजच्या एका कारखान्यात मी वर्षानुवर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग पाहिलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, माल चाकणकडे जायचा. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना ते कागदावरचं वाटतं. आज किती नग, उद्या किती, कुठल्या मशीनवर, कुठल्या गाडीने. पण हल्ली मोठे कारखाने माल साठवून ठेवत नाहीत. त्यांच्या लाइनवर काही तासांपुरते भाग असतात आणि तेवढ्या तासांत पुढची गाडी पोचली नाही तर लाइन थांबते. थांबलेल्या लाइनचे पैसे पुरवठादाराच्या नावावर डेबिट पडतात. त्यामुळे रात्री दोनला फोन वाजला की पलीकडून हॅलोसुद्धा नसायचं. "मॅडम, गाडी कुठंय?" गाडी नेवासा फाट्यावर असायची, नाहीतर शिरूरच्या अलीकडे डिझेल भरत उभी, नाहीतर रांजणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. मी अंथरुणात बसून आधी ड्रायव्हरला, मग ट्रान्सपोर्टवाल्याला, मग चाकणच्या स्टोअरला फोन करायचे. तीनला डोळा लागला तरी चारला आपोआप उघडायचा, फोन वाजलेला नसला तरी.

शिफ्ट सुटली की कामगार कार्ड पंच करून बसमध्ये बसत. तासभर जास्त थांबले तर त्याचा ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने लागतो. आम्ही मात्र 'स्टाफ'. स्टाफचे तास कुठल्या मशीनवर पंच होत नाहीत आणि देखरेखीचं काम करणाऱ्यांना तासांच्या मर्यादेतून वगळण्याची सोय तेव्हाच्या कारखान्यांच्या कायद्यातच होती. बढती मिळाल्याचे पेढे वाटताना कुणी याचा विचार करत नाही. पद वाढतं, पगार वाढतो, आणि घरी जायची वेळ कुठली हे सांगणारा भोंगा आपल्यापुरता बंद होतो.

संभाजीनगरात राहणाऱ्याला पाण्याचा दिवस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पैठणचा नाथसागर काठोकाठ भरलेला असला तरी शहरातल्या नळाला पाणी कितीतरी दिवसांच्या खाड्याने येतं. वर्षानुवर्षं हेच चालू आहे. पाणी येईल त्या दिवशी घरातलं बाकी सगळं मागे सरतं. लोक लग्नाची खरेदी पुढे ढकलतात, पाहुण्यांना "उद्या या" म्हणून सांगतात. असाच एक पाण्याचा दिवस होता आणि मी घरी होते. मोटार मीच सुरू केली होती. टाकी भरली, ओसंडली, पाणी गच्चीवरून अंगणात आणि अंगणातून गल्लीत वाहायला लागलं. मला ते ऐकू येत होतं. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते, बटण चार पावलांवर होतं आणि मला उठता येत नव्हतं. पाय दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. उठायला हवं हे कळत होतं आणि त्या कळण्याचा अंगाशी काही संबंध उरला नव्हता. शेजारच्या काकू ओरडतच आल्या. "अगं, पाणी चाललंय सगळं! घरात आहेस ना?" त्यांनी आत येऊन बटण बंद केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाण्याबद्दल एक अक्षर न बोलता गॅसवर चहाचं आधण ठेवलं. या शहरात वाया गेलेल्या पाण्याबद्दल कुणी गप्प बसत नाही. काकू गप्प बसल्या तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड, साखर, बी-ट्वेल्व्ह असं सगळं तपासून घेतलं. मग त्यांनी मला ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं, त्यांनी बर्नआउटची ओळख करून दिली. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द या अर्थाने अभ्यासात आणला. मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणारी माणसं काही काळाने आतून विझत जाताना त्याने पाहिली होती आणि त्या माणसांत तो स्वतःही होता. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगं वेगळी केली. थकवा, कामाविषयी आणि कामातल्या माणसांविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना. यातलं मधलं ऐकताना मी रडले. थकवा मला माहीत होता. पण ड्रायव्हरचा अपघात झाल्याचा फोन आला तेव्हा माझा पहिला प्रश्न मालाबद्दल होता, हे मला आठवलं, आणि या कोरडेपणालाही नाव आहे, तो आपला मूळ स्वभाव नव्हे, हे समजल्यावर केवढा तरी भार उतरला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद कशी केली तेही बाईंनी समजावून सांगितलं. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या, नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून उद्भवणारी, कामाशी निगडित अशी ती अवस्था आहे. हे मला फार मोलाचं वाटतं. बिघाडाचं ठिकाण माणसाच्या आत नाही, कामाच्या रचनेत आहे, असा त्या नोंदीचा अर्थ मला लागतो. आणि तरीही उपाय सांगायची वेळ आली की सगळे माणसाकडेच बोट दाखवतात. पहाटे उठा, श्वासाकडे लक्ष द्या, मोबाइल लांब ठेवा, नाही म्हणायला शिका.

मी बिनपगारी रजा घेतली. हप्ते होते, मुलाचं बारावीचं वर्ष होतं, नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात ओढाताण होणार हे दिसत होतं. तरी घेतली, कारण दुसरं काही शक्यच नव्हतं. ज्याला हप्ते भरायचे आहेत आणि घरात दुसरा पगार नाही, त्याने काय करायचं? संथ जगण्याविषयी जे सुंदर, गुळगुळीत लिहिलं जातं त्यात हा प्रश्न सहसा नसतो, आणि म्हणून ते वाचताना मला आता त्रास होतो.

रजेचे पहिले आठवडे झोपेत गेले. त्यानंतर मी विश्रांती घ्यायच्या मागे लागले. सकाळी ध्यान, मग चालणं, मग वाचन, रात्री दिवसभराची नोंद. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण पडली की बरं वाटायचं, राहिली की छाती धडधडायची. शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्ही अजून प्लॅनिंगच करताय. फक्त माल बदललाय." त्यांचं म्हणणं पटलं. पण नुसतं मोकळं बसलं की रात्रीचे फोन डोक्यात वाजायला लागत. मोकळा वेळ एकटीला पेलवत नव्हता.

तेवढ्यात आषाढ लागला. आईचा चातुर्मास सुरू झाला.

आईचे नेम मी लहानपणापासून पाहत आले. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. रोज दुपारी एकनाथी भागवत. नाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेला हा एकतीस अध्यायांचा ग्रंथ आई दर चातुर्मासात वाचते. त्या वर्षी मी शेजारी बसून ऐकू लागले. कळलं किती ते सोडून देऊ. पण एक गोष्ट रोज दिसत होती. आईला आज वाचायचं की नाही हे ठरवावं लागत नव्हतं. ते कधीच ठरलेलं होतं, तिच्या जन्माच्या आधी, आणि फक्त तिच्यासाठी नव्हे. गल्लीतल्या तिच्या वयाच्या बायकांना त्या वेळी फोन करायचा नाही हे ठाऊक होतं. भाजीवालासुद्धा चार महिने तिच्या दारात वांगी घेऊन थांबायचा नाही. तिच्या दुपारीभोवती किती माणसांनी न बोलता कुंपण घातलेलं होतं! माझ्या रकान्यांभोवती कुणीच नव्हतं.

पावसाने उघडीप दिली की मी बुद्धलेणीला जायला लागले. सरकारी कागदांत ती औरंगाबाद लेणी. बीबीच्या मकबऱ्याच्या मागचा रस्ता डोंगराच्या पायथ्याशी जातो, तिथून पायऱ्या. वेरूळ-अजिंठ्याच्या ओढीने येणारे पाहुणे इकडे सहसा फिरकत नाहीत. पावसाळ्यात डोंगर हिरवा होतो, खाली विद्यापीठाचा परिसर आणि पलीकडे धुरकट शहर दिसतं. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेली स्त्री-पुरुषांची मूर्तिमंडळी आहे, जवळजवळ खऱ्या माणसांच्या मापाची. प्रत्येकाची केशरचना निराळी, दागिने निराळे. देवदेवतांपेक्षा मला तीच जास्त जवळची वाटली, कारण ती भिंतीवरून आपल्याकडे पाहत नाहीत, आपल्याबरोबर त्याच दिशेला पाहतात. आणि सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर आहे, उभा, दोन्ही बाजूंना संकटांत सापडलेल्या माणसांचे छोटे छोटे देखावे. आग, लुटारू, बेड्या, बुडणारं गलबत, सिंह, साप, चवताळलेला हत्ती. सहाव्या-सातव्या शतकांतल्या व्यापाऱ्याला प्रवासात ज्याची ज्याची धास्ती वाटायची ते सगळं तिथे दगडात आहे. पुरवठादार होता तोही, लांबच्या बाजाराला माल पोचवणारा. त्या बेड्यांतल्या माणसासमोर मी बराच वेळ उभी राहत असे.

लेण्याच्या आत भिक्षूंच्या खोल्या आहेत. एक माणूस आडवा होईल एवढ्याच. विनयपिटकात वर्षावासाची जी हकिकत येते ती इथे बसून आठवावी. भिक्षू बारमाही हिंडत. पावसाळ्यातही हिंडत, तेव्हा लोक कुरकुर करू लागले. हिरवे कोंब आणि बारीकसारीक जीव पायांखाली तुडवले जातात, इतर पंथांचे लोक पावसाळ्यात थांबतात, पाखरंसुद्धा घरटं करून बसतात, मग हेच का थांबत नाहीत? तेव्हा बुद्धांनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. म्हणजे थांबायचं ते भिक्षू दमले म्हणून नव्हे. त्यांच्या चालण्याखाली दुसरं काही चिरडलं जात होतं म्हणून. ड्रायव्हरला फोनवर मी काय काय बोलले होते, रात्री किती घरांतली झोप मी मोडली होती, ते त्या दगडी उंबऱ्यावर बसून माझ्यासमोर आलं. आपण थांबलो नाही की तुटतं ते एकट्याचंच नसतं.

वर्षावास या शहरात जुना झालेला नाही. आषाढ पौर्णिमेपासून वस्तीवस्तीतल्या विहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. कारखान्यात आमचा एक शिफ्ट सुपरवायझर होता, भीमनगरकडे राहणारा. त्या महिन्यांत तो सेकंड शिफ्ट घेत नसे. विहारात वाचायची पाळी त्याच्याकडे असे. तो आपली शिफ्ट दुसऱ्याशी बदलून घ्यायचा आणि ज्याच्याशी बदलायचा त्याला नाथषष्ठीला पैठणला जायला स्वतः जागा धरून द्यायचा. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेला मशीनवरची मुलं हळूच बाजूला होत आणि दुसरे उभे राहत, ईदनंतर ती परतफेड गणपतीत होत असे. कुठल्याही एचआरने हे बसवलेलं नव्हतं. मला ते रोज दिसत होतं, कारण शिफ्टच्या बदलांवर सही माझी असे. पण त्याचा अर्थ मला रजेवर असताना लागला. कारखान्याच्या जमिनीवर माणसांनी सुट्टीची एक देवघेव उभी केली होती. काचेच्या केबिनमध्ये आम्ही स्टाफमंडळी मात्र एकमेकांच्या आधी घरी जायला लाजत होतो.

मधल्या काळात एका मैत्रिणीबरोबर पैठणला गेले. पैठणीच्या मागासमोर बसल्यावर मन शांत होईल असं तिचं म्हणणं. विणकर बाई पदरावरचा मोर भरत होत्या. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, काही धागे मोजून उचलायचे, तिल्ली आतून काढायची, शेजारच्या रंगात गुंतवायची, की मोराच्या मानेची एक रेघ पुढे सरकते. उलट बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ. मैत्रीण भारावून म्हणाली, किती संथ, किती छान आयुष्य! बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पाठ धरते ताई. आणि साडी उतरल्याशिवाय पैसे नाहीत." हे मला फार दिवस पुरलं. काम हळू चालतं म्हणजे ते करणारा निवांत असतो असं नाही. वेग ही खरी अडचण नव्हेच. आज एवढं पुरे, हे म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे, प्रश्न तो आहे.

तो अधिकार महाराष्ट्रात कुणीतरी भांडून मिळवला, हे आपण विसरून गेलो आहोत. मुंबईतल्या गिरण्यांत माणसं सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत होती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या एका सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा आपल्या खंडोबाचा वार, हा त्यांचा युक्तिवाद आजही सांगितला जातो. १० जून १८९० ला ती सुट्टी मान्य झाली. सहा वर्षं! रविवार पंचांगात होताच, पण तो कामगाराच्या घरात यायला सहा वर्षांची चळवळ लागली. आणि १९४६ मध्ये कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती मांडली ती व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यानंतर चार वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. नागसेनवनावरून जाताना तिथल्या शिक्षणाचा वारसा सगळ्यांना आठवतो. माझ्या मनात आता ते अठ्ठेचाळीस तासही येतात.

२०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात एका सव्वीस वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. अतिकामाने आपल्या लेकीचा जीव घेतला, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरात देशभर वाचलं गेलं. त्याच्या आगेमागेच मोठे उद्योगपती आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास काम करण्याच्या गोष्टी करत होते. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा तीच राहील, असं सांगितलं जातं. ज्याने वाळूजच्या बसमध्ये जाता-येता रोजचे दोन तास घालवले आहेत त्याला विचारावं, बारा तासांच्या दिवसात त्याच्या पोराचं तोंड त्याला केव्हा दिसणार. मला याचा राग येतो, आणि हा राग परत आला तेव्हाच मला वाटलं की आपण बऱ्या होतो आहोत. विझलेल्या माणसाला राग येत नाही.

जुन्या नोकरीत मी परत गेले नाही. चिकलठाण्यात एका लहान युनिटमध्ये काम धरलं, पगार बराच कमी. गाडी विकली. मुलाने पुण्याऐवजी इथेच प्रवेश घेतला, त्याला ते मनापासून आवडलं नव्हतं आणि ती बोच आहे. पण इथे आम्ही प्लॅनिंग-डिस्पॅचची पाचच माणसं आहोत आणि पाच माणसांशी बोलता येतं. पहिल्याच महिन्यात मी विषय काढला. रविवारी पाचही फोन चालू ठेवायचे नाहीत. कंपनीचा एकच फोन ठेवायचा, ज्याची पाळी असेल तो शनिवारी तो घरी नेणार, बाकीच्या चौघांनी आपापला फोन बंद ठेवायचा. नुसता सायलेंट नाही, बंद. मालकांनी विचारलं, "आणि गाडी अडकली तर?" मी म्हटलं, "ज्याची पाळी तो बघेल, सर. बाकीच्या चौघांना उठवून गाडी लवकर पोचत नाही." ते थोडा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, करून बघू.

सुरुवातीला सगळ्यांत अवघड गेलं ते आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलाला. फोन बंद असला की त्याला घाम फुटायचा, दुपारी तो चालू करून पाहायचाच. सोमवारी तसं सांगायचा आणि आम्ही त्याला काही म्हणायचो नाही. हळूहळू त्याचे रविवार भरायला लागले. एकदा तो घरच्यांना घेऊन शूलिभंजनाला जाऊन आला. पावसाळ्यात तिथे ढग खाली उतरतात म्हणून शहरातली माणसं गर्दी करतात. दत्ताचं दर्शन झालं, वाजणारा दगड पोरांनी वाजवून पाहिला, येताना खुलताबादला भजी खाल्ली, असं त्याने डबा खाताना सविस्तर सांगितलं. याच डोंगरावर नाथांना कचेरी सोडायला लावून पाठवलं होतं हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "मग हिशेब कुणी लिहिले असतील हो?" चांगला प्रश्न होता. कुणीतरी लिहिलेच असणार. पाळी लावली असेल.

आणि ज्याला पाठवलं तोही काही कायमचा हिशेब सोडून बसला नाही, हे मला अलीकडे फार भावतं. १५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला करता करता तीनशे वर्षांत शिरलेल्या चुका त्यांनी शोधून काढल्या. पै शोधणारी तीच नजर, तीच चिकाटी. फक्त या वेळी मागे कुणाचा तगादा नव्हता आणि काम त्यांनी स्वतः पत्करलेलं होतं. मेहनतीशी माझं वैर कधीच नव्हतं. आताही एखादं शेड्यूल नीट बसलं की मला मनापासून आनंद होतो.

दसऱ्याच्या आधी गाड्यांची मागणी वाढली. एका रविवारी दोन ट्रक एकदम अडकले आणि पाळ्यांची यादी मोडली. पाचही फोन चालू झाले, मीही घरातून चार तास बोलत होते. सोमवारी मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं हे. त्यांनी यादी मागितली. सणाच्या दिवसांत एकाच्याने होत नाही, दोघं हवेत, असं म्हणून त्यांनी प्रत्येक रविवारसमोर दुसरा रकाना आखला, आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारसमोर त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. पहिल्या रकान्यात त्या दिवशी मी आहे.